दांडका बाहेर ठेवून

आमच्या विदरलीत कॉन्स्टेबल दोन. एक किल्ल्याचा, एक गावाचा.

किल्ल्याचे कॉन्स्टेबल म्हणजे किल्लेदार, लॉर्ड डॅलावे. राजाचा किल्ला राखायचं काम त्यांच्याकडे, आणि ते राखत लंडनला बसून. इतकी वर्षं झाली, पण किल्ल्याला त्यांच्या पायाची धूळ कधी लागली नाही. किल्ल्यात खरं राहायचा तो टोबायस नावाचा म्हातारा दरवान आणि त्याच्या शेळ्या. छपरावरचे शिशाचे पत्रे कुणीतरी केव्हाच काढून नेले होते, मुख्य दरवाजा कुजून पडला होता आणि त्याच्या जागी टोबायसनं शेळ्यांसाठी काटक्यांचं एक फाटक लावलं होतं. सरहद्दीपलीकडचे वेल्सवाले चालून आले असते तर त्यांना ते फाटक उचलून बाजूला ठेवावं लागलं असतं, एवढाच काय तो किल्ल्याचा बंदोबस्त.

गावाच्या कॉन्स्टेबलचं तसं नव्हतं. चोर पकडा, भटके हाकला, दारुडे उचला, गुन्हेगारांचे पाय अडकवायचा खोडा दुरुस्त ठेवा, कैदी सापडला तर त्याला स्वतःच्या घरात निजवा आणि स्वतःच्या हंडीतलं खाऊ घाला. पगार नाही. म्हणून हे काम दरसाल घरोघरी पाळीनं फिरायचं आणि पाळी जवळ आली की गावात रोगराई पसरायची. कुणाची कंबर धरायची, कुणाला ऐकू येईनासं व्हायचं. गावपंचांचा म्होरक्या हेन्री प्रॉसर, ज्याच्या मेंढ्यांनी अर्धी टेकडी पांढरी दिसायची, त्याच्या पायाचा अंगठा सुजायचा. पाळी पुढच्या घरावर सरकली की तोच अंगठा सुगीच्या नाचात सगळ्यांच्या पुढं.

त्या साली पाळी माझ्या घरावर आली. मी सिबिल कॉटल, विधवा, बिअर बनवून विकते. बाईच्या हाती कॉन्स्टेबलचा दांडका देत नाहीत, पण बाईच्या घराची पाळी मात्र चुकवत नाहीत.

"घरात पुरुष नसला तर बाहेरून आण," प्रॉसर म्हणाला.

"कुठून आणू? बाजारात मिळतात होय? मिळत असते तर मागच्या खेपेलाच जरा बरा बघून आणला असता."

पंच हसले, पण पाळी काही टळली नाही. शेवटी मी बार्नबी ब्रूकला ठेवला. दोन वेळचं जेवण, बिअर आणि माळ्यावर झोपायला जागा, एवढ्यावर तो माझ्या घरच्या वतीनं कॉन्स्टेबल व्हायला तयार झाला. तयार झाला म्हणजे काय, हरखून गेला. विदरलीत हे काम आनंदानं घेणारा माणूस त्याच्या आधी झाला नव्हता, नंतरही होणार नाही.

बार्नबी चर खणायचा, कुंपणं छाटायचा. त्याच्या जन्माची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ, कारण गावानं ती त्याला रोज ऐकवली होती. पोर ज्या गावच्या हद्दीत जन्मतं, त्या गावानं ते पोसायचं, असा कायदा. तेव्हा पोटुशी भिकारीण दिसली की कॉन्स्टेबलनं तिला कळा सुरू व्हायच्या आत हद्दीपार करायचं, ही आमच्याकडची रीत. बार्नबीच्या आईलाही असंच हॉक्सलीच्या ओढ्याकडं हाकत नेत होते. पण त्या वेळचा कॉन्स्टेबल वाटेत आमच्याच दुकानात एक पेला घ्यायला थांबला, माझ्या सासूच्या अमदानीत. तेवढ्यात बार्नबी ओढ्याच्या अलीकडच्या काठावर जन्मला. आई गेली. पोर गावच्या गळ्यात पडलं. पाद्र्यानं आडनाव लावलं ब्रूक, म्हणजे ओढा. डोकं चालवायचा त्रास कशाला!

मग तो घरोघरी वाढला. इथं आठवडा, तिथं आठवडा. वाटाण्याच्या कालवणाचा वाडगा पुढं ठेवताना प्रत्येक घरची बाई म्हणायची, "चार पावलं पलीकडं जन्मला असतास तर हे हॉक्सलीवाल्यांना पडलं असतं." तो मान डोलवायचा आणि खायचा. जन्माला येण्यात आपली काहीतरी चूक झाली, हे त्यानं बिनतक्रार मान्य केलं होतं.

अशा माणसाच्या हातात गावानं मुकुट रंगवलेला दांडका दिला. मग काय विचारता! तो दांडका त्यानं मेण लावून इतका घासला की मुकुटाचा अर्धा रंग निघून गेला. जेवताना तो दांडका बाकावर शेजारी बसायचा, झोपताना अंथरुणात. पहिल्याच आठवड्यात खोड्याचं कुलूप नीट लागतं का ते पाहायला त्यानं स्वतःचे पाय खोड्यात घातले, कुलूप लावलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की किल्ली कोटाच्या खिशात आहे आणि कोट विहिरीच्या कठड्यावर. सारं गाव बघायला लोटलं. किल्ली आणून द्यायची कुणालाच घाई नव्हती. मीही आधी हातातलं बिअर गाळायचं काम संपवलं.

"कुलूप उत्तम आहे," मी सोडवल्यावर तो गंभीरपणे म्हणाला.

पुढं एकदा प्रॉसरचा हंस चोरीला गेला. कॉन्स्टेबलनं चोरीची आरोळी ठोकली की हातातलं काम टाकून साऱ्या गावानं चोरामागं धावायचं, असा नियम. बार्नबीनं अशी आरोळी ठोकली की लोहारापासून पाद्र्यापर्यंत सगळे चिखल तुडवत टेकडीपर्यंत धावले. चोर सापडला. कोल्हा होता. त्यालाही बार्नबीनं राजाच्या नावानं थांबायला सांगितलं म्हणतात.

तर हा असा कॉन्स्टेबल. मी त्याला हसायची, शिव्याही द्यायची, कारण त्याच्या प्रत्येक पराक्रमाचा जाब पंच मला विचारत. माझ्या घरचा माणूस ना तो!

मार्चमध्ये, बोचरं वारं सुटलेल्या एका बाजाराच्या सकाळी, माझ्या दारापुढच्या घोड्यांच्या हौदाला टेकून एक बाई बसलेली दिसली. मॉड तिचं नाव. नवरा सैन्याबरोबर गेला तो गेलाच. पोट एवढं की अजून एक दिवससुद्धा निघेल असं वाटत नव्हतं. मी तिला गरम बिअर दिली. ती अर्धी प्यायली असेल नसेल, तोवर प्रॉसर आणि पंच हजर. असल्या बातमीला आमच्या गावात पाय लागत नाहीत, पंख लागतात.

"बार्नबी!" प्रॉसर ओरडला. "काम कर तुझं. हिला उचल आणि ओढ्यापलीकडं टाक."

बार्नबी दांडका घेऊन पुढं आला. छाती काढली. "राजाच्या नावानं, ऊठ!"

"उठवत असतं तर राजाच्या निरोपाची वाट कशाला बघितली असती रे बाबा?" मॉड म्हणाली.

लोक हसले. बार्नबी हसला नाही. तो तिच्या पोटाकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचा कॉन्स्टेबल जरा उतरल्यासारखा वाटला. मग तो मागं गेला, चरातला चिखल वाहायची आपली एका चाकाची ढकलगाडी घेऊन आला. त्यात माझ्या गोठ्यातला पेंढा घातला, मला न विचारता. मॉडला उचलून बसवलं, दांडका तिच्या शेजारी आडवा ठेवला आणि निघाला हॉक्सलीच्या ओढ्याकडं. मागून पंच, पंचांमागं निम्मा बाजार. मीही गेले. माझ्या घरची पाळी होती, आणि गावातली बाळंतपणंही बहुतेक मीच करते.

ओढ्यावरच्या लाकडी साकवाच्या पलीकडं हॉक्सलीचा कॉन्स्टेबल गॉडफ्री मंक आधीच उभा. धंद्यानं पाववाला, कोपरापर्यंत पीठ, हातात दांडका.

"एक पाऊल पुढं टाकशील तर बघ," मंक म्हणाला.

"बाई चालती आहे," प्रॉसर मागून ओरडला. "तिला पलीकडं जायचंय. आम्ही आपली मदत करतोय!"

"चालती आहे तर गाडीत का बसलीय? घेऊन जा तुमची घाण तुमच्याकडं!"

"बार्नबी, ढकल!"

बार्नबीनं ढकललं. मंकनं पलीकडून गाडीच्या तोंडाला पोट लावलं आणि मागं रेटली. साकवाच्या मधोमध गाडी पुढं-मागं, पुढं-मागं होऊ लागली. दोन्ही काठांवरून लोक आपापल्या गड्याला जोर चढवत होते, रस्सीखेच चालावी तसे. मॉडनं गाडीच्या दोन्ही कडा धरल्या होत्या आणि कळ आली की ओठ चावत होती. मला दोन्ही गावांची इतकी किळस आली की मी ओढ्यात थुंकले.

"असंच ठेवा मधे!" मॉड किंचाळली. "ओढ्यातच होऊ दे पोर! मासे पोसतील. मासे तरी बरे असतील तुमच्यापेक्षा!"

बार्नबीचे हात थांबले. त्यानं खाली त्या काठाकडं पाहिलं, अलीकडच्या. तो काठ कुठला हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग त्यानं गाडी मागं ओढली, वळवली आणि टेकडीची वाट धरली.

"ए गाढवा, कुठं निघालास?" प्रॉसर लाल झाला होता.

"किल्ल्यावर."

प्रॉसर तोंड उघडून उभा राहिला, आणि मग त्या तोंडाचं हळूहळू हसू झालं. राजाचा किल्ला कुठल्याच गावच्या हद्दीत नाही. खंदकाशी आमची हद्द संपते. आमच्या कॉन्स्टेबलच्या दांडक्याला पलीकडं पळीइतकीही किंमत नाही, म्हणून तर कोंबडीचोर आधी खंदकाकडं पळतात. तेव्हा आत जन्मलेलं पोर विदरलीचं नाही, हॉक्सलीचंही नाही. ते किल्ल्याचं. म्हणजे लॉर्डसाहेबांचं.

"अरे, ह्याला डोकं आहे की!" प्रॉसर म्हणाला आणि चक्क गाडीला हात लावला. मग काय, साऱ्या पंचांना दयेचा पाझर फुटला. ज्यांनी त्या बाईला पाण्याचा घोट दिला नव्हता ते तिला चढावर ढकलायला एकमेकांना कोपरानं बाजूला सारू लागले. "सांभाळून हं पोरी! दम धर हं! इथं नको हं, अजून थोडं!" असं माहेरच्या माणसांसारखं बोलत होते. प्रॉसरचा अंगठा त्या दिवशी अजिबात दुखला नाही.

खंदकापाशी मात्र सगळे थबकले. आत पाऊल टाकलं तर उद्या आपल्यावर यायचं. तिथं एक जुनं राखाडी सालीचं झाड आहे. बार्नबीनं गाडीतला दांडका उचलला, त्या झाडाला टेकवला, आणि मॉडला घेऊन एकटा पुलावर गेला. त्याच्या मागं मी.

"किल्ला बंद आहे!" टोबायस फाटकामागून म्हणाला. कडेवर शेळीचं पिल्लू.

"टोबायसबाबा," मी म्हटलं, "ह्या बाईला आणखी दोन घटका उभं ठेवलंस तर ह्या जन्मात माझी बिअर तुझ्या घशाखाली जाणार नाही."

किल्ला तत्काळ शरण आला.

पहारेकऱ्यांच्या जुन्या खोलीत, शेळ्यांच्या पेंढ्यावर, दुपार कलायच्या आत मुलगी झाली. बार्नबी बाहेर शेळ्या आवरत होता. रडणं ऐकून आत डोकावला आणि विचारलं, "आतच झाली ना? खोलीच्या आतच?"

"आतच. वाकून बघ, राजाच्या भिंतीला टेकून पडलीय."

मॉडला ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली. मी तिच्याजवळ होते, आणि मला फार वाईट वाटलं, कारण तिची जीभ मला आवडली होती. मग तिला पुरायचं कुठं यावर वाद. विदरली म्हणाली आमची नाही, हॉक्सली म्हणाली आमची नाही. शेवटी टोबायसनं आणि बार्नबीनं तिला किल्ल्याच्या पडक्या चर्चशेजारी पुरलं. मेल्यावर तिला राजाची जमीन मिळाली. पोरगी माझ्या घरी शेळीच्या दुधावर होती, तात्पुरती, तिला कुणी पोसायचं याचा निकाल लागेपर्यंत.

निकाल द्यायला लॉर्डसाहेबांचे कारभारी आले, मिस्टर फेन. लॉर्डसाहेब लंडनहून किल्ला राखण्यात गुंतले होते. फेनसाहेबांनी किल्ल्याच्या दिवाणखान्यात दरबार भरवला. दिवाणखान्याला छप्पर नव्हतं आणि खुर्चीही, म्हणून ते माझ्या दुकानातून आणलेल्या पिंपावर बसले. डोक्यावरून कावळे जात होते, तेव्हा साहेबांनी टोपी काढली नाही. एका बाजूला पंच, समोर बार्नबी. त्यानं दाढी केली होती आणि दांडका हातात सरळ धरला होता. पोरगी माझ्या मांडीवर.

"लॉर्डसाहेब हे पोर पोसणार नाहीत," फेनसाहेब सुरुवातीलाच म्हणाले. "प्रश्न एवढाच, ही बाई आत आणली कुणी? बार्नबी ब्रूक, नीट ऐक. तू तिला घेऊन आत आलास, तो कॉन्स्टेबल म्हणून आलास, की माणूस म्हणून?"

"दोन्हीत फरक काय, साहेब?"

"फार आहे. कॉन्स्टेबल म्हणून आला असशील, तर तुझ्या गावानं आपलं ओझं राजाच्या किल्ल्यात टाकलं. मग गावाला दंड, आणि पोर गावानं पोसायचं. आणि नुसता माणूस म्हणून आला असशील, तर तू तिला तुझ्या मर्जीनं आणलंस. मग गावाचा संबंध नाही. पोर तुझं."

पंचांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. प्रॉसर बार्नबीकडं बघून ओठांनी 'माणूस, माणूस' म्हणत होता. जन्मभर ज्याला त्यांनी कधी माणसात धरलं नव्हतं, त्यानं आज माणूस असावं म्हणून सगळे देव पाण्यात घालून बसले होते.

मला वाटलं, आता बार्नबीची वेळ आली. एक शब्द, आणि इतक्या वर्षांच्या टोमण्यांचा हिशेब चुकता. तो कॉन्स्टेबल म्हणूनच निघाला होता, प्रॉसरच्याच हुकमानं, निम्म्या बाजारादेखत. बोल, मी मनात म्हणत होते. बोल रे मेल्या, बुडव ह्यांना.

बार्नबीनं पोरीकडं पाहिलं. मग पंचांकडं, एकेकाकडं सावकाश, त्यांच्या घरची हंडी आठवत असल्यासारखं.

"माणूस म्हणून," तो म्हणाला.

"पुरावा?"

"दांडका बाहेर होता, साहेब. त्या झाडाला टेकवलेला. सगळ्यांनी पाहिलाय."

"झोपतानासुद्धा तू तो सोडत नाहीस म्हणतात. मग तेव्हाच का सोडलास?"

"हात दोनच आहेत, साहेब. गाडीला दोन्ही लागतात."

लोक खो खो हसले. फेनसाहेबही हसले, पिंपावरून उठले, पोर बार्नबीचं असा निकाल दिला आणि घोड्यावर बसून गेले. त्याच साली राजानं किल्ला उत्तम राखल्याबद्दल लॉर्डसाहेबांना शिकारीचं एक रान बक्षीस दिलं.

संध्याकाळी माझं दुकान भरून गेलं. प्रॉसरनं सगळ्यांना पाजली. चर खणणाऱ्यानं गाव वाचवलं, असं भाषण केलं. बार्नबी कोपऱ्यात बसून दुधात भिजवलेल्या फडक्याचं टोक पोरीच्या तोंडात धरत होता. मी तणतणत त्याच्यापाशी गेले.

"मूर्खा! कॉन्स्टेबल म्हणाला असतास तर गावानं पोसलं असतं तिला. आता तू काय खाऊ घालणार, चरातला चिखल?"

"गावानं पोसलं असतं," तो म्हणाला. "मालकीणबाई, गावाचं खाल्लंय मी. चव माहीत आहे."

माझ्या सासूच्या हंडीतलंही त्यानं खाल्लं होतं. गाडी वळवली तेव्हाच त्याच्या मनात हे सगळं होतं, की दांडका खरंच फक्त हात मोकळे करायला ठेवला होता, हे मला अजून कळलेलं नाही. खोड्यात पाय अडकवणारा माणूस तो, दोन्ही शक्य आहे. पण सप्टेंबरात त्याचं वर्ष संपलं आणि दांडका परत द्यायची वेळ आली, तेव्हा त्यानं तो शेजारच्या घरी नेऊन दिला आणि वळूनही पाहिलं नाही. पोरगी काखेत होती.

तिचा बाप्तिस्मा त्याआधीच, त्या निकालानंतरच्या रविवारी झाला. नाव मॉड ठेवायचं हे ठरलेलं होतं. पाद्र्यानं पाण्यात बोटं बुडवली आणि विचारलं, "आडनाव काय म्हणायचं?"

"कॅसल म्हणा," प्रॉसर पहिल्या बाकावरून म्हणाला. तो फार खुशीत होता. "किल्ल्यात जन्मलीय. आपली रीत आहे, सापडलं त्या जागेवरून नाव!"

सगळं चर्च हसलं. बार्नबीनं पोरीच्या कपाळावरचं फडकं सारखं केलं.

"ब्रूक म्हणा," तो म्हणाला. "गावानं मला कधी बोलून न दाखवता दिलेली तेवढी एकच वस्तू आहे. ती तरी तिला माझ्याकडून मिळू दे."